बादलीतले सर

"रंगराव, उठा आता. वऱ्हाड वेशीत आलंय."

मलगोंडा अण्णा पाटील आमच्या सोप्यात उभे होते. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, अंगात नवा कोट, आणि कोटाच्या बाहीला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच लोंबत होती. त्यांच्या लेकीच्या, महानंदाच्या अक्षता त्या दिवशी दुपारी पडायच्या होत्या. आणि आमचे मालक कॉटवर मांडी घालून मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले होते.

"झालंच, अण्णा. हा शेवटचा व्हिडिओ."

"परवापासनं शेवटचाच आहे की हो तुमचा!"

आमच्या गडहिंग्लजकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण गोष्ट सांगायची तर 'हे हे' करत किती वेळ चालणार? तेव्हा घेतेच नाव. रंगराव. तालुक्यात कुठंही कुलूप अडलं की लोक रंगरावांना बोलवायचे. छत्रीची एक वाकवलेली काडी आणि पोलादाची एक बारकी पट्टी, एवढीच यांची हत्यारं. कुलपाला कान लावायचे, डोळे मिटायचे, आणि चहा निवायच्या आत कुलूप उघडलेलं असायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी घराला लागूनच्या दुकानात यांच्या शेजारी बसून किल्ल्यांना कानस मारत आले. कुलपाला मात्र कधी हात लावला नव्हता. ते काम यांचं.

अण्णांची अडचण अशी होती. आजोबांच्या वेळची लोखंडी तिजोरी, माणसाच्या उंचीची. तिच्यात महानंदाचं मंगळसूत्र, दागिने आणि लग्नाचा शालू. तिची किल्ली अण्णांच्या बायकोच्या कमरेला असायची, ती बुंदीचे लाडू वळण्याच्या गडबडीत कुठंतरी पडली. एखाद्या लाडवात वळली गेली असेल म्हणून आचाऱ्यानं सगळे लाडू फोडून परत वळले. किल्ली काही सापडली नाही, ती नाहीच सापडली. गॅसकटर लावावा तर आतला शालू जळायचा. म्हणून अण्णा दोन दिवस आधी यांना घेऊन गेले. यांनी तिजोरीभोवती एक फेरी मारली, तिच्या पोटावर टकटक केलं आणि म्हणाले, "जरा अभ्यास करून येतो."

तो अभ्यास अजून चालू होता.

मोबाइल आमच्या लेकीनं पुण्याहून पाठवलेला. पहिल्यांदा त्यात यांना एक परदेशातला माणूस दिसला. टेबलावर कुलपं मांडून एकेक उघडून दाखवत होता. यांना फार कौतुक वाटलं. मग दुसरा दिसला, तो म्हणाला की पहिल्याचं चुकतंय. तिसरा म्हणाला, दोघांचंही चुकतंय. तिथून यांना वाटायला लागलं की आपलंही काहीतरी चुकत असणार. बिनचूक पद्धत कळेपर्यंत कुलपाला हात लावायचा नाही, असं यांनी ठरवलं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "ठेवून जा, बघून सांगतो." दुकानात बंद कुलपांचा ढीग लागला आणि हे बघत राहिले.

कुलपावरनं गाडी पुढं गेली. नखं कशी कापावीत, उशी कशी घ्यावी, पाणी कुठल्या बाजूला तोंड करून प्यावं. एकदा शिंक येत होती, तर म्हणाले, थांब, ती अशीतशी द्यायची नसते, त्याचा एक व्हिडिओ आहे. व्हिडिओ मिळेपर्यंत शिंक निघून गेली. मग दिवसभर नाक चोळत बसले.

अण्णा घायकुतीला येऊन माझ्याकडं बघायला लागले. "वहिनी, तुम्ही तरी सांगा की."

"अहो, उठा ना! पोरीचं लग्न खोळंबलंय," मी म्हटलं.

"अगं, हा बघ, हा अगदी तसल्याच तिजोरीचा आहे. फक्त पोर्तुगीज भाषेत आहे. जरा समजून घेऊ दे."

माझं डोकंच फिरलं. यांच्या हातातला मोबाइल मी हिसकला आणि पळत सुटले. सोप्यातून माजघरात, माजघरातून परसदारी, मागं हे, "वैजू, अगं वैजू, चार्जिंग कमी आहे त्याचं!" मी न्हाणीत शिरले, दार लोटलं आणि आतून कुलूप फिरवलं.

"आता जा तिजोरी उघडायला!" मी आतून ओरडले. "आल्यावर देते मोबाइल."

मग यांचा बारीक आवाज आला.

"वैजू, तू कुलूप फिरवलंस का?"

"फिरवलं!"

"पूर्ण फिरवलंस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ते कुलूप यांनीच बसवलेलं. कुठल्यातरी व्हिडिओत बघून मागवलं होतं. घरफोड्यांपासून शंभर टक्के बचाव म्हणे. आमच्या घरात चोरानं न्यावं असं काही नव्हतं, म्हणून तपासणीसाठी न्हाणीच्या दाराला बसवून ठेवलं. बाहेरून उघडायची किल्ली पार्सलात निघालीच नाही. तक्रार कशी करावी याचा व्हिडिओ बघायचा राहून गेला होता. कुलूप पूर्ण फिरवायचं नाही, नुसतं दार लोटून गाणं म्हणायचं, असं आमचं घरात ठरलेलं होतं.

मी आतली मूठ उलटी फिरवली. ती फिरली, आणखी फिरली, आणि माझ्या हातात आली.

"अहो," मी म्हटलं, "मूठ निघाली."

"काढलीस कशाला?"

"मी काढली नाही. आपण होऊन आली."

बाहेर अण्णांनी तोंडानं कसला आवाज केला ते मला कळलं नाही, पण माणूस रडायच्या आधी करतो तसा होता. "दार मोडतो मी," ते म्हणाले.

"अण्णा, नको, दार—" हे म्हणेपर्यंत अण्णांनी खांदा दिला होता. दार लोखंडी पत्र्याचं. यांनीच जोडलेलं, चांगल्या दिवसांतलं. दार थरथरलंसुद्धा नाही. अण्णांचा फेटा तेवढा सुटला.

"हिच्या आयला," अण्णा फेटा गोळा करत म्हणाले, "आता दोन कुलपं झाली. रंगराव, उघडा की राव हे तरी!"

"उघडतो. वैजू, मोबाइल दे."

"कसा देऊ?"

"दाराखालून सरकव."

दाराखाली यांनीच रबराची पट्टी ठोकली होती. झुरळं येऊ नयेत म्हणून. त्याचाही व्हिडिओ होता. कागद सरकला नसता, मोबाइल कुठला सरकतोय. वर एक झरोका होता, त्याला यांनी डासांची जाळी मारली होती. तिचाही व्हिडिओ होता.

"मोबाइलशिवाय उघडा," मी म्हटलं. "काडी-पट्टी आहे ना दुकानात? आणा आणि उघडा. आजवर काय मोबाइल बघून उघडत होता?"

"तेव्हाचं वेगळं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"की मला माहीत नाही ते."

यावर अण्णा दाराबाहेरच्या पायरीवर मटकन बसले, ते मला आवाजावरून कळलं. "म्हणजे असं," ते एकेक शब्द मोजत म्हणाले, "की दार उघडायला मोबाइल पाहिजे. आणि मोबाइल पाहिजे तर दार उघडायला पाहिजे."

"बरोबर," हे म्हणाले. अगदी समाधानानं म्हणाले. आपली अडचण कुणालातरी नेमकी कळली की माणसाला बरं वाटतंच.

"माझ्या पोरीनं जन्मभर असंच राहायचं का मग?"

"अण्णा, दम धरा. वैजू, तूच आत व्हिडिओ लाव. मी इथं ऐकतो आणि तसं करतो. आई, दुकानातली माझी पिशवी आण गं!"

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, अंगणात शेंगा फोडत होत्या. ऐकायला कमी येतं, पण पिशवी म्हटलेलं बरोबर कळतं. त्या पिशवी घेऊन आल्या, आणि न्हाणीपुढं ही गर्दी कसली म्हणून तिथंच थांबल्या.

मी व्हिडिओ लावायला गेले. न्हाणीत रेंज नाही. पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं.

"लागत नाही हो!"

"वर धर. झरोक्यापाशी. बादली पालथी घाल, वर चढ."

मी बादली पालथी घातली, चढले, हात उंच केला, तोंडात जाळी आली. गोल फिरतच होतं. उतरले. बादलीवर बसायला गेले, ती एका बाजूला कलंडली, मी ओल्या भुईवर आणि बादली माझ्या मांडीवर, तोंड माझ्याकडं. माझा सगळा संताप त्या बादलीत गेला. मी तिच्यात डोकं घालून म्हटलं, "देवा परमेश्वरा, काय हा माणूस!"

आवाज असा घुमला की मीच दचकले. भरदार, घोगरा, पुरुषी. एखाद्या सभेत कुणी बोलावं तसा.

"लागला!" रंगराव ओरडले. "लागला व्हिडिओ! आवाज वाढव, वैजू!"

आत्याबाई काठी आपटून म्हणाल्या, "न्हाणीत गडी कोण शिरलाय?"

"आई, गडी नाही, मोबाइल आहे."

"मोबाइलचा आवाज मला ऐकू येत नाही. हा आला. गडीच आहे."

मला हसू आवरेना. पण बाहेर अण्णा पायरीवर बसलेले, तिकडं पोरगी नटून बसलेली. मी पदर तोंडात कोंबला, जरा थांबले, आणि बादली नीट धरून तोंड आत घातलं.

"नमस्कार मित्रहो! आपल्या चॅनेलवर मी आपलं सहर्ष स्वागत करतो!"

"नमस्कार," बाहेरून हे म्हणाले. बोलून गेले असणार.

"आज आपण पाहणार आहोत, न्हाणीचं अडकलेलं कुलूप कसं उघडावं. परंतु त्याआधी, आपण अजून चॅनेलला सबस्क्राइब केलं नसेल तर—"

"पुढं ढकल, वैजू, पुढं ढकल!"

मी ढकललं. म्हणजे थांबले आणि श्वास घेतला. यांच्या शेजारी बसून जे रोज बघितलं होतं ते आठवलं आणि सांगायला लागले. छत्रीची काडी घ्या. पुढचं टोक बोटाच्या पेरावर वाकवा. पट्टी किल्लीच्या भोकात खालच्या अंगाला ठेवा. कुलपाला कान लावा. डोळे मिटा.

बाहेर पिशवीची खुडबुड. काडी निघाल्याचा आवाज. मग यांचा कान पत्र्याला लागला, तो मला आतून जवळजवळ दिसला.

"हुशार दिसतोय माणूस," हे म्हणाले. "माझ्यासारखीच पद्धत आहे याची. मागं घे गं जरा, ते पेराचं परत ऐकू दे."

मी परत पहिल्यापासून म्हटलं. शब्द जरा बदलले, पण यांच्या ध्यानात आलं नाही. एकदा माझा घसा इतका सुकला की बोलवेना, तेव्हा मधेच पापडाची जाहिरात घातली. "उडदाचा पापड, कुरकुरीत पापड, आजच घरी आणा!" बारीक आवाजात, बादलीच्या बाहेर तोंड काढून म्हटली आणि नळाचं पाणी प्याले.

"घालवा ती जाहिरात!" अण्णा पायरीवरून किंचाळले. "माझी पोर बोहल्यावर जायचीय!"

"पाच सेकंद थांबावं लागतं, अण्णा," हे म्हणाले.

मग परत बादलीतले सर सुरू झाले. "आता मित्रहो, पट्टी घट्ट दाबून धरायची. चांगली घट्ट. आणि काडीनं कुलपाच्या आतली एकेक पिन वर उचलायची."

बाहेरची खुडबुड थांबली.

"घट्ट?" हे म्हणाले.

चुकलं की काय?

"घट्ट कसं म्हणतो हा? घट्ट दाबली की पिन तिथंच आवळून बसते. हलकी पाहिजे पट्टी. शेळीचा कान धरावा तशी."

यांचा आवाज बदलला होता. मागच्या कितीतरी महिन्यांत मी तो ऐकला नव्हता. दुकानात कुणी अडाण्यासारखं काही बोललं की असा यायचा. मला काय वाटलं कोण जाणे, मी पुन्हा बादलीत तोंड घातलं आणि मुद्दाम म्हटलं, "घट्ट, मित्रहो! जितकी घट्ट, तितकं लवकर!"

"अरे खुळा आहेस का तू!"

"आणि पुढच्या पिनेपासून सुरुवात करायची!"

"पुढच्या? मागच्या पिनेपासून! मागची बसल्याशिवाय पुढची काय घंटा बसणार? कुणी सर केला याला?"

"काडी जोरात हलवा!"

"वैजू, बंद कर तो. डोक्यात जातोय माझ्या. बंद कर आधी!"

मी बंद केलं. न्हाणीत नळाचा एक थेंब पडत होता, तो मी हाताच्या ओंजळीत धरला. बाहेर आत्याबाईंची काठीसुद्धा शांत होती. मग कुलपात टिक झालं. जरा वेळानं आणखी टिक. हे नाकातनं हळूच श्वास सोडत होते. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. तिसरी टिक झाली आणि दार आत आलं.

दारात रंगराव गुडघ्यावर, हातात काडी, डोळे अजून मिटलेले. मागं अण्णा, अर्धा फेटा हातात. त्यांच्या मागून आत्याबाई काठी उगारून आत शिरल्या, कोपरान्कोपरा बघितला, पिंपाचं झाकण उघडून आत डोकावल्या.

"पळाला," त्या म्हणाल्या.

हे उठले आणि माझ्या हातातला मोबाइल घेतला. पडदा काळा. चार्जिंग खरंच संपलं होतं.

"कुठले सर होते गं?"

"नाव बघितलं नाही."

"आपल्याकडचेच वाटत होते बोलण्यावरून." एवढं म्हणून यांनी एकदा माझ्या ओल्या पदराकडं बघितलं, एकदा बादलीकडं. यांना कळलं की नाही, हे मला त्या दिवशी समजलं नाही, आणि त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी मी विचारलेलं नाही.

"चला!" अण्णांनी यांचा दंड धरला. मग मला म्हणाले, "वहिनी, तुम्हीपण. हे मोबाइल मागाय लागले तर परत कुठंतरी कोंडून घ्या."

लुगडं बदलायला सवडच मिळाली नाही. तशीच ओली जीपमध्ये बसले.

अण्णांच्या वाड्यापुढं मांडव, मांडवात वऱ्हाड. नवरदेवाला पारावर बसवून गप्पांत गुंतवून ठेवलेलं. आतल्या खोलीत ती तिजोरी. खोलीत पाऊल ठेवायला जागा नाही इतकी माणसं, कारण तिजोरी उघडणारा आला म्हटल्यावर सगळा मांडव आत शिरला होता. एका कोपऱ्यात महानंदा, हळदीच्या पातळात, मुंडावळ्या बांधलेली, गळा मोकळा. तिनं यांच्याकडं असं बघितलं की मला माझ्या लेकीची आठवण झाली.

हे तिजोरीपुढं बसले. पिशवीतली काडी काढली, पट्टी काढली. मला वाटलं, झालं, आता चहा निवायच्या आत.

आणि तेवढ्यात माणसांनी मोबाइल काढले.

एकानं काढला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. नवरदेवाची आत्या खुर्चीवर चढली, तिला वरनं घ्यायचं होतं. कुणीतरी म्हणालं, "काका, जरा इकडं बघा की!" एक जण आपल्या मोबाइलला सांगत होता, "तर मित्रांनो, आपण आता लाइव्ह बघतोय—"

यांनी मान वळवून ते सगळे मोबाइल बघितले. आणि यांचे हात थरथरायला लागले.

"रंगराव?" अण्णा म्हणाले.

"हे जगभर जाणार," हे माझ्या कानात म्हणाले. "तो परदेशातला बघणार. तिसरा बघणार. सगळे म्हणणार, याचं चुकतंय."

"चुकत नाही तुमचं. मघाशी उघडलं ना?"

"मघाशी कुणी बघत नव्हतं."

मी म्हटलं, "मोबाइल ठेवा रे पोरांनो." कुणी ठेवला नाही. अण्णा ओरडले, तर त्यांचं ओरडणंही लोकांनी घेतलं. बाहेर सनईवाल्यानं तेच तेच गाणं परत सुरू केलं. महानंदाची आई भिंतीला टेकून नुसती बघत होती.

मी खाली बसले. यांच्या हातातनं काडी घेतली. का घेतली ते तेव्हा कळलं नाही. नवऱ्याचा हात थरथरतोय म्हटल्यावर पाण्याचा पेला घ्यावा, तशी घेतली. पट्टीही घेतली, ती भोकाच्या खालच्या अंगाला लावली. मी बादलीत मोठ्या तोंडानं सांगितलं होतं खरं, पण हाताला ते नवीन होतं. लोखंड थंड होतं.

हे माझ्याकडं बघत राहिले. मग माझ्याशेजारी सरकले, तिजोरीच्या पत्र्याला कान लावला आणि डोळे मिटले.

"आत जाऊ दे," हे हळू म्हणाले. "अजून. मागच्या भिंतीला टेकली की सांग."

"टेकली."

"आता उचल. जोर नको लावूस. पिन जड आहे, म्हाताऱ्या बाईसारखी, सावकाश उठणार."

"उठत नाही."

"उठतेय. मला ऐकू येतंय. तू हात कशाला आवळलास? सोड. हां."

माणसं मोबाइल धरून आणखी जवळ आली. मला त्यांचे पाय दिसत होते, त्याच्या वरचं काही दिसत नव्हतं. यांना तर काहीच दिसत नव्हतं. हे ऐकत होते आणि सांगत होते, आणि मी करत होते. एकदा काडी निसटली. माझ्या तोंडातनं शिवी गेली, ती जगभर गेली. हे म्हणाले, "जाऊ दे, परत पहिल्यापासनं." एकदा मीच म्हटलं, "थांबा, बोलू नका, इथं काहीतरी आहे." हे गप्प झाले.

आणि ते आलं. काडीच्या टोकाशी काहीतरी बसलं, आणि ते माझ्या बोटातनं कोपरापर्यंत चढलं. किल्ल्या घासताना मी यांच्याकडं बघायचे, कुलूप उघडताना या माणसाच्या तोंडावर असं काय येतं म्हणून. ते हे होतं तर. मला रडूच आलं. मूठ खाली दाबली आणि तिजोरीचं ते हत्तीएवढं दार आपल्या वजनानं बाहेर आलं.

खोलीत एकच गलका झाला. महानंदाच्या आईनं मला इतकं जोरात आवळलं की काडी माझ्या तळहातात रुतली. अण्णा शालू घेऊन धावले, मग मंगळसूत्र राहिलं म्हणून परत आले, मग मंगळसूत्र घेऊन शालू विसरले. शेवटी दोन्ही पोचलं. अक्षता पडल्या, पोरीचं लग्न लागलं. पंगतीत आम्हा दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. माझं लुगडं तोवर अंगावरच वाळलं होतं.

मला वाटलं, आता हे मोबाइल सोडतील. कुठलं काय! दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, ही गोष्ट खरी. पण यांनी आधी मोबाइल चार्जिंगला लावला. वऱ्हाडातल्या लोकांनी काढलेला तो व्हिडिओ इकडून तिकडून फिरत यांच्यापर्यंत आला होता. त्यात हात माझे होते आणि आवाज यांचा. हे तो सारखा बघत होते. खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचत होते. कुणी लिहिलं होतं, उत्तम. कुणी लिहिलं होतं, सगळं चुकलंय.

इतक्यात एक रिटायर्ड फौजी लोखंडी ट्रंक घेऊन आला. डोक्यावरनं ती यांच्यापुढं ठेवली. "किल्ली गेली बघा. आत माझे मेडल हायत. परवा शाळेत झेंडावंदनाला बोलावलंय, लावून जायचंय."

यांनी मान वर केली नाही. हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "तिला द्या."

फौजी माझ्याकडं बघत राहिला. "वहिनी उघडणार?"

"हां."

"तुम्ही नाही?"

"मी बघतोय," हे म्हणाले.

फौजी घुटमळला. मग ट्रंक उचलून माझ्यापुढं ठेवली. मी कानस बाजूला सारली, पदर खोचला, यांच्या पिशवीतली काडी काढली. यांच्या मोबाइलमध्ये मांडवातला तो सगळा गलका चालू होता, सनई, माणसं, माझी शिवी. यांचे डोळे त्याच्यावरच होते. पण अंगठा तेवढा मोबाइलच्या कडेला गेला, आणि यांनी आवाज पूर्ण बंद केला.

दुकानात शांत झालं. मी ट्रंकेला कान लावला.